खंडेनवमीची शांतता

१२ ऑगस्ट, सोमवार

वडील, आमचे अप्पा, गेल्यापासून डायरी लिहिणं सुटलं होतं. आजपासून परत सुरू करते.

आज लॅबच्या स्टोअरमध्ये पाणी झिरपलं. भिंतीला हात लावला तर हात ओला होत होता. मातीचे नमुने ठेवायचं कोल्ड कॅबिनेट तिथून तातडीनं हलवावं लागलं. आमचा टेक्निशियन मंजुनाथ आणि दोघे सिक्युरिटीवाले ते ढकलत मशिनांच्या खोलीत घेऊन आले आणि नेमकं माझ्या टेबलामागे उभं केलं. मागच्या भिंतीतल्या सॉकेटला लावून टाकलं.

"सध्या इथंच असू दे मॅडम. भिंत सुकली की परत नेऊ," मंजुनाथ म्हणाला.

सध्या म्हणजे कधीपर्यंत, ते बेंगळुरूच्या पावसाला विचारायला हवं. कॅबिनेट जुनं आहे, सारखं घरघरतं. संध्याकाळपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं. बसवनगुडीला घरी पोचले तरी कानात तोच आवाज.

२८ ऑगस्ट, बुधवार

सिद्धीच्या कामाचा आराखडा आज पक्का झाला. सिद्धी निपाणीची. पीएच.डी.चं तिसरं वर्ष. लॅबमध्ये माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच. दोघीच असलो की मला अक्का म्हणते, चारचौघांत मॅडम.

काम असं. कोडगूत मडिकेरीच्या पुढे एका डोंगरउतारावरचं जंगल गेल्या वर्षीच्या पावसात घसरलं. झाडं मुळांसकट आडवी झाली. रस्त्याकडच्या अर्ध्या भागातले ओंडके वनखात्यानं तेव्हाच उचलले, वरच्या अर्ध्या भागातले अजून पडून आहेत. माती अशी हलली की तिच्यात बांधलेला नायट्रोजन सुटतो. जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते शोषून घ्यायला जिवंत मुळं नसली की पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओढ्यात जातं. मग त्या उतारावर पुढची कितीतरी वर्षं नीट काही उगवत नाही. सिद्धीचं म्हणणं असं, की पडलेलं लाकूड कुजताना जिवाणू मातीतलाच नायट्रोजन वापरतात आणि धरून ठेवतात. म्हणून ओंडके तिथंच राहू द्यावेत.

वनखातं डिसेंबरात उरलेले ओंडके उचलून सिल्व्हर ओकची झाडं लावणार आहे. त्याआधी आकडे दिले तर थांबू, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी आमचे लॅबप्रमुख प्रदीपकुमार सर यांना सांगितलंय. पाऊस सरता सरता एकदाच नमुने घेता येतील. घसरणीनंतरचं दुसरं वर्ष परत येत नाही.

"अक्का, एकदाच फेकायचा फासा आहे हा," सिद्धी म्हणाली.

मी म्हटलं, "फासा नको म्हणू. मोजमाप म्हण."

हसली. मला उगाच शिकवल्यासारखं वाटलं नंतर. मी असं फार करते.

९ ऑक्टोबर, बुधवार

सिद्धी आली. तीन थंड पेट्या, गुडघ्यापर्यंत चिखल, पायाला जळवांचे डाग. हुणसूरजवळ गाडी बंद पडली, तिथं एका मासेवाल्याकडून बर्फ घेऊन पेट्या पुन्हा भरल्या म्हणाली. वरचं न घसरलेलं जंगल, ओंडके असलेला भाग, ओंडके उचललेला भाग, तिन्ही ठिकाणची माती. पिशव्या मोजून, चिठ्ठ्या तपासून आम्ही कॅबिनेटमध्ये लावल्या.

तिला उद्यापासूनच अर्क काढायला बसायचं होतं. ताज्या मातीत पोटॅशियम क्लोराईडचं पाणी घालून हलवायची, गाळायची, मग मशीन त्यातलं नायट्रेट सांगतं. जितकं लवकर तितकं बरं, हे खरंच आहे. पण ती उभ्या उभ्या डुलत होती.

"सोमवारी कर," मी म्हटलं. "चार अंशावर माती झोपलेली असते. परवा पूजा झाली की गावी जा. दसऱ्याला आई वाट बघत असेल."

"मी थांबते की अक्का. दसऱ्याला नाही गेले तर काय बिघडतंय?"

"दमलेल्या हातांनी चुका होतात. जा."

गाईड म्हणून कधीतरी माणसासारखं वागले, असं वाटून बरं वाटलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

आजचा दिवस नीट लिहून ठेवायचाय.

आयुधपूजा लॅबमध्ये दरवर्षी होते, पण मी कधी लक्ष घातलं नव्हतं. मंजुनाथ हार आणायचा, मी प्रसादाला हात पुढे करायचे. अप्पा गेल्यानंतरची ही पहिली खंडेनवमी. इथल्या शिवाजीनगरातलं त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप विकलं गेलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. गेल्या पाच-सहा वर्षांत मी त्यांच्या पूजेला गेलेच नाही, दरवेळी काहीतरी सबमिशन असायचं. म्हणून यंदा मंजुनाथला म्हटलं, मी करते.

कालच सगळी मशिनं पुसून घेतली. आज झेंडूचे हार, गंध, केळीचे खुंट. माझ्या टेबलावर अप्पांचा फोटो ठेवून हार घातला, विचारून. कोणी हरकत घेतली नाही. कोल्ड कॅबिनेटलाही मोठा हार घातला, त्याचा तापमानाच्या आकड्यांचा पट्टा पार झाकून गेला. मंजुनाथनं दारात कोहळा फोडला. चुरमुरे, केळी, बत्तासे वाटले. सिद्धी हात जोडून अप्पांच्या फोटोसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली, मग दुपारच्या गाडीनं निपाणीला गेली.

सगळे पांगल्यावर मी विजेच्या पॅनेलपाशी गेले. वर्कशॉपमध्ये पूजेनंतर सगळं बंद असायचं. "आज लोखंडाला झोप," अप्पा म्हणायचे, आणि दसरा होईपर्यंत एक मोटर फिरायची नाही. इथंही तसंच व्हावं असं वाटलं. विचार न करता केलं नाही. वरच्या मजल्यावरच्या डीप फ्रीझरांची लाईन वेगळी, कोल्ड कॅबिनेट स्टोअरच्या लाईनवर. या खोलीत बाकी थांबू नये असं काही नाही. मग मेन स्विच खाली केला.

आणि काय शांतता झाली. लहानपणी वर्कशॉपच्या पायरीवर बसून ऐकलेली, तीच. बाहेरचे कावळे ऐकू आले. शेजारच्या इमारतीतली कुकरची शिट्टी ऐकू आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा डोकं हलकं वाटलं. मी खुर्चीत बसून राहिले आणि, लिहायला संकोच वाटतोय, थोडं रडले.

मंजुनाथ सोमवारी लवकर येऊन मेन चढवणार आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मी पोचेपर्यंत सगळं सुरू झालं होतं. कॅबिनेटवरचा सुकलेला हार काढला. पट्ट्यावर चार. सिद्धी आईनं दिलेल्या करंज्या घेऊन आली. अर्क काढायला बसली.

मध्येच म्हणाली, "अक्का, पिशव्यांना घाम आलाय बघा. आणि उघडल्यावर वास येतोय, पावसाळी रानात येतो तसा."

"पावसातच भरल्यास ना?" मी म्हटलं.

"भरल्या तेव्हा कोरड्या पुसल्या होत्या."

"बरं, नोंद कर आणि पुढे चल. असं प्रत्येक पिशवीशी बोलत बसलीस तर दिवाळी येईल."

हसून म्हटलं होतं. ती हसली नाही. प्रवासाचा शीण असेल.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आकडे आले. वाईट आहेत. म्हणजे आकडे वाईट कसे असतील, पण त्यांना काही अर्थ लागत नाही. वरच्या धडधाकट जंगलाच्या मातीत नायट्रेट भरमसाट. ओंडके असलेल्या भागात त्याहून थोडं जास्त. ओंडके उचललेल्या भागात सगळ्यांत कमी. जणू लाकूड उचलल्यानं उताराचं भलंच झालं.

सिद्धीनं आकड्यांचा कागद पुन्हा वरून वाचला. "हे उलटं आहे," एवढंच म्हणाली.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं की निसर्ग आपल्याला विचारून वागत नाही, उलटं तर उलटं. पण वरचं अख्खं जंगल, जिथं काहीच घडलं नाही, तिथं एवढं नायट्रेट कुठून? ज्या मातीत पाचोळा जास्त, जीव जास्त, तिथंच आकडा जास्त. उपाशी, धुतलेल्या मातीत कमी. माती कुठेतरी गरम झाली आणि जिवाणू कामाला लागले, तर अगदी असंच दिसेल.

कुठे गरम झाली असेल, हा प्रश्न.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची सुटी या विचारातच गेली. आई म्हणाली, "फराळ समोर आणि तू मातीत." कुणावर अन्याय होऊ नये म्हणून सगळे टप्पे एकेक करून तपासले. रसायनं ठीक. मशीन ठीक, ठरलेल्या द्रावणाचा आकडा बरोबर येतो. गाळणकागद ठीक. कॅबिनेट चार अंशावर, मी डोळ्यांनी पाहिलं. उरतो तो प्रवास. हुणसूरला गाडी बंद पडली ती किती वेळ? मासेवाल्याचा बर्फ किती होता?

आज सिद्धीला बसवून विचारलं. आवाज चढवला नाही.

"बर्फ वितळायच्या आत बदलला, अक्का. मी पेटीत हात घालून बघत होते सारखी."

"हात म्हणजे थर्मामीटर नव्हे."

 मग हळूच म्हणाली, "पूजेच्या सुटीत इथली लाईन..."

मी तिला तिथंच थांबवलं. सुटीत इथं फक्त मंजुनाथचा हात लागला होता. त्यानं सोमवारी सकाळी येऊन मेन चढवला, सांगितलं तेवढं केलं. गरीब माणसावर ढकलणं सोपं असतं. "स्वतःच्या टप्प्यापासून सुरुवात करावी माणसानं," मी म्हटलं. "पूजेला मध्ये आणू नकोस."

"सरी," ती म्हणाली, कानडीतलं 'बरं'. आणि उठताना, खोलीत आम्ही दोघीच असताना, "येते मॅडम."

मंजुनाथची बाजू घेतली याचं समाधान वाटायला हवं. पण जेवण गेलं नाही. मी कठोर बोलले का? परत परत आठवून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना टिपण दिलं. सिद्धीचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. "वाहतुकीदरम्यान नमुन्यांचं तापमान वाढलं असावं, त्यामुळे आकडे ग्राह्य धरू नयेत," इतकंच. "असावं" हा शब्द मुद्दाम ठेवला.

सरांनी वाचून चष्मा काढला. "आणणारी एकटी तीच होती ना?"

"हो सर, पण..."

"मग वनखात्याला काय सांगू? आकडे नाहीत?"

"चुकीचे देण्यापेक्षा नाहीत म्हणणं बरं."

ते बरोबर आहे. अजूनही बरोबरच वाटतंय. 

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सिद्धीच्या समितीची बैठक झाली. मुख्य आकडेच नाहीत, त्यामुळे विषय बदलून नव्यानं सुरू करा, वर्ष वाया गेलं असं धरा, असं ठरलं. ती शांतपणे "बरं" म्हणाली. दुपारी माझ्याकडे अर्ज. सोडतेय. बेळगावात ऊसवाल्यांची माती तपासणारी एक खाजगी लॅब आहे, तिथं बोलावलंय.

मी खूप समजावलं. म्हटलं, एका चुकीनं कुणी असं सोडून जात नाही.

"कुणाच्या, मॅडम?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "कुणाच्याही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, असं वाटलं. मग माझ्या टेबलाकडे पाहिलं. अप्पांचा फोटो मी अजून घरी नेलेला नाही. "येते," म्हणाली आणि गेली.

मुलींना आजकाल टीका सोसत नाही, असं मंजुनाथपाशी बोलून गेले. तो पिपेट धूत होता. धूतच राहिला.

२ डिसेंबर, सोमवार

वनखात्याचा फोन सरांना. ओंडके उचलायला सुरुवात झाली. आकडे नव्हते, म्हणून थांबायला कारण नव्हतं.

४ डिसेंबर, बुधवार

हे आजच लिहायला हवं. उद्या मी त्याला काहीतरी गुळगुळीत रूप देईन.

सकाळी पॅनेलमधल्या एका स्विचातून ठिणगी उडत होती. मंजुनाथ स्टूल घेऊन आला. "मॅडम, स्वल्प दोन मिनिटं मेन घालवतो." मी फाईल वाचत होते, मान हलवली. दिवा गेला, पंखा थांबला. बाहेर कावळा ओरडला. शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर.

मी ती शांतता ओळखली.

ओळखली आणि छान वाटलं. खरंच, आधी छान वाटलं. मग कळलं की माझ्या पाठीमागे काहीच घरघरत नाहीये.

वळून पाहिलं. कॅबिनेटचा पट्टा काळा.

मंजुनाथ स्टुलावरून विचारत होता, "काय झालं मॅडम?" मी त्याला म्हटलं, हे स्टोअरच्या लाईनवर आहे ना? तो म्हणाला, "स्टोअरमध्ये होतं तेव्हा होतं की. ऑगस्टमध्ये आपणच इथं लावलं ना?"

आपणच लावलं. तुमच्यासमोर, मॅडम, असंही तो म्हणू शकला असता. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ. माती जागी होती. मी तिला हार घातला, तिचा आकडा झाकला, आणि तिच्यासमोर बसून रडले की किती शांत वाटतंय. दोन महिने ज्या आवाजानं डोकं दुखत होतं तो थांबला आणि मला प्रश्न पडला नाही.

सिद्धीनं सांगितलं होतं. घाम आलाय, वास येतोय. पूजेच्या सुटीत लाईन. मी तिला वाक्यही पुरं करू दिलं नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. आई, भागीरथीबाई, शिवाजीनगरात चाळीस वर्षं काढलेली, शेंगा सोलत होती.

"अप्पांसारखं करायचं होतं गं. ते नाही का मेन पाडायचे," मी म्हटलं.

आईचा हात थांबला. "मेन? तुझ्या अप्पांनी मेन कधी पाडला नाही."

"पाडायचे. मी पायरीवर बसायचे, एकदम शांत व्हायचं."

"एकदम नाही. तू खेळात असायचीस, तुला शेवटचं तेवढं ऐकू यायचं. एकेका मशिनीपाशी जायचे, हळदकुंकू लावायचे, हातानं बंद करायचे. लेथ, मग ग्राइंडर, मग वाइंडिंगचं. तासभर चालायचं ते. मला वैताग यायचा, स्वयंपाक निवायचा." शेंग तोंडात टाकून म्हणाली, "आणि मेन कसा पाडतील? शेजारच्या कौशल्याक्कांचा दुधाचा फ्रिज आपल्याच मीटरवर होता की. सणाला तिचं दूध नासलं असतं."

 आईनं शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

तीस-पस्तीस वर्षं मी अप्पांची शांतता जपून ठेवली होती. ती कशी होत होती, हे पायरीवरून कधी दिसलंच नाही.

९ डिसेंबर, सोमवार

सरांकडे गेले. सगळं सांगितलं. नवं टिपण समोर ठेवलं, त्यात "मी मेन बंद केला" असं स्पष्ट.

सरांनी टिपण वाचून पालथं ठेवलं. मग म्हणाले, "अहवालात लिहू, वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे. बेंगळुरूत वीज गेली, कुणाला आश्चर्य वाटणार?"

"वीज गेली नव्हती सर. मी घालवली."

"बिडी, विद्याश्री. सोडा. लॅबमध्ये देवपूजेपायी संशोधन बुडालं, हे बाहेर गेलं तर काय काय बोलतील लोक, कल्पना आहे? पूजेवाले एक बोलतील, विज्ञानवाले दुसरं. आणि ओंडके तर गेले. मुलगी गेली. आता चूक कुणाची होती यानं त्या उताराला काय फरक पडणार?"

उताराला पडत नाही, हे खरं आहे.  "तिला पडेल," एवढंच म्हटलं.

"खंडित झाल्यामुळे" हे वाक्य वाचताना माझं जुनं वाक्य आठवलं. "तापमान वाढलं असावं." दोन्हींत माणूस कुठेच नाही. माझ्या वाक्यात मात्र सगळ्यांना तो दिसला होता, आणि मला ठाऊक होतं दिसणार ते. "असावं" हा शब्द मी न्यायासाठी ठेवला होता असं इथं लिहिलंय. तो माझ्यासाठी होता.

टिपणाची प्रत तिच्या समितीला पाठवली. सरांना सांगून. ते रागावले आहेत. पूजा नको करायला हवी होती का, असं मी स्वतःला दिवसभर विचारत होते. तसं नाही वाटत. पूजा हात लावून करायची असते, मी बटणावर केली.

१२ डिसेंबर, गुरुवार

सिद्धीला फोन केला. तीन दिवस टाळत होते. दुपारी, तिच्या जेवणाच्या वेळेला. मागे कुणीतरी बेळगावी मराठीत उसाच्या भावावरून भांडत होतं.

सगळं सांगितलं. एका दमात, तयार करून ठेवल्यासारखं. तसं तयार केलंच होतं.

ती म्हणाली, "मला थोडं वाटलं होतं मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोनदा."

मी मनात मोजलं. पिशव्यांचा घाम, पूजेच्या सुटीतली लाईन.

"तिसऱ्यांदा बोलणार होते, जायच्या दिवशी," ती म्हणाली. "पण नक्की माहीत कुठं होतं मला? मी गेले तेव्हा सगळं चालू होतं. आणि पूजेच्या दिवशी तुम्ही फोटोला हार घालताना तुमचा चेहरा बघितला होता मी. माझा अंदाज बरोबर निघाला तर ते सगळंच मोडलं असतं. आणि चूक निघाला तर मी चुगलखोर. धीर होईना."

"समितीला लिहिलंय मी. परत ये. नवी जागा शोधू, दुसरी घसरण."

"घसरणी काय, दरवर्षी होतात कुठं ना कुठं," ती म्हणाली. "शोधा की. दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला ते ओंडके सारखे दिसतात, त्यांच्यावर आळंबी आली होती, सांगितलं नव्हतं का तुम्हाला? आता ट्रकमधून कुठं गेले कुणाला ठाऊक." मग लगेच, माझी समजूत घालावी तसं, "इथं बरं आहे. शेतकरी माती घेऊन येतात, त्याच दिवशी तपासून देतो. ठेवायची भानगडच नाही."

माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे." हे दोन शब्द मी दिवसभर उलटेसुलटे करून पाहतेय. असू दे म्हणजे क्षमा नव्हे. असू दे म्हणजे ओझं दाराबाहेर ठेवा.

१० जानेवारी, शुक्रवार

भिंत सुकली. कॅबिनेट आज परत स्टोअरमध्ये गेलं. अहवालात सरांनी शेवटी "प्रयोगशाळेतील व्यक्तीच्या चुकीमुळे" असं घातलं. नाव घालायला तयार झाले नाहीत. मी आणखी भांडायला हवं होतं.

दुपारी सिद्धी आली, मूळ प्रमाणपत्रं न्यायला. संक्रांतीचे एळ्ळू-बेल्ल मी डब्यातून आणले होते, तिनं तीळगूळच म्हणत चिमूटभर घेतले. मोकळ्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "नेलं वाटतं? बरं झालं. तुमचं डोकं दुखायचं."

तिच्या लक्षात होतं.

कॉफी झाली. ऊस, बेळगावची थंडी, तिच्या आईचा गुडघा. मी मध्येच म्हटलं, "सिद्धी, समितीनं जागा मार्चपर्यंत ठेवलीय." ती म्हणाली, "हो, मेल आला होता," आणि कपाचा तळ बघत राहिली. फील्डच्या कपाटातून तिनं तिचे गमबूट काढले, जरा हातात धरले, परत ठेवले. "राहू देत. सहा नंबर आहे, कुणालातरी येतील."

जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथं आम्ही दोघीच होतो. "येते मॅडम," ती म्हणाली.

परत आले तर मंजुनाथ ते बूट घेऊन सिंककडे निघाला होता. तळव्याच्या खाचांत माती वाळून बसलेली. काळी, तिच्यात पाचोळ्याचे तुकडे, एक बारीक पांढरं मूळ. ओंडके असलेल्या भागातली असावी, तिथली अशी काळी होती. तो उतार जसा होता तसा आता एवढाच उरलाय, आणि मोजून काही उपयोग नाही, इतके दिवस उघड्यावर राहिलेल्या मातीत काहीच मोजता येत नाही.

"धुऊन ठेवू ना मॅडम?"

"स्वल्प थांब," मी म्हटलं.

तो थांबला. खोलीत काहीच घरघरत नव्हतं. मग मी त्याच्या हातातून बूट घेतले आणि होते तसे कपाटात ठेवले.